वीतभर मागे

युसुफभाई केबिनमध्ये चढले, सीटवर बसले, पण दार ओढून घेतलं नाही. उजवा पाय पायरीवर तसाच ठेवून त्यांनी मला हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "नागवेकर, मध्य कुठं आलाय?"

शंभरेक माणसं जमली होती. भागीरथीकाकी भाटकर नारळ हातात धरून ट्रेलरजवळ उभ्या होत्या. ट्रेलरवर त्यांची नवी होडी, तिच्या अंगाला हिरव्या रंगाचा वास अजून ताजा. माघी पौर्णिमा होती आणि खाडीला भरती चढत होती.

"पुढं," मी म्हणालो. "वीतभर पुढं."

भाई माझ्याकडं बघत राहिले. "नक्की?"

"नक्की, भाई."

आणखी थोडा वेळ ते तसेच बसून राहिले. मग पाय आत घेतला आणि दार लावलं.

मी खोटं बोललो होतो.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो आणि रत्नागिरीच्या उत्तरेला, खाडीपासून दोन मैलांवर, हमरस्त्याला माझं वेल्डिंगचं गॅरेज होतं. ट्रकचे फाळके, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, होड्यांची सुकाणं असली कामं मी करायचो. हातात कसब होतं आणि लोकांनाही ते माहीत होतं. त्यामुळे काही जमत नाही असं सांगायची सवय मला राहिली नव्हती.

भागीरथीकाकींचे यजमान दर्यात गेले त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. दुसऱ्यांच्या मचव्यांवरची मासळी विकत विकत त्यांनी दोन मुलगे मोठे केले आणि स्वतःची होडी बांधायला घेतली. होडी खाडीकाठी बांधायची रीत, पण काठावरची जागा त्यांना मिळाली नाही. म्हणून माडांच्या बागेत, पाण्यापासून चारशे पावलांवर, ती उभी राहिली. बांधून झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की सोळा-सतरा टनांची ही होडी लाकडी ओंडक्यांवरून ओढून न्यायला आता गावात तेवढी माणसंच नाहीत. तरणी मुलं मुंबईला नाहीतर गल्फला.

तोडगा युसुफभाई सोलकरांनी काढला. ते याच गावचे, वय पंचावन्नच्या पुढं. बावीस वर्षं मुंबईच्या गोदीत त्यांनी ट्रेलर चालवले होते. त्यांनी कुठून तरी एक जुना लांब ट्रेलर आणला. तो ओढायला जांभ्याच्या खाणीवरचा सपाट पाठीचा ट्रक मिळाला. मधला दुवा तेवढा माझ्याकडं आला.

या दुव्याला फिफ्थ व्हील म्हणतात. नाव चाकाचं असलं तरी ते चाक नाही. ती एक जाड लोखंडी ताटली असते, मधोमध खाच असलेली. ट्रकच्या पाठीवर ती पक्की बसवायची, मग ट्रेलरच्या तोंडाखालचा खुंटा मागून येऊन त्या खाचेत अडकतो. ट्रेलरचा पुढचा सगळा भार त्या ताटलीवर येतो. म्हणून ती कुठं बसवायची हाच खरा प्रश्न असतो. मागच्या एक्सलच्या मध्यापासून थोडी पुढं असली, तर भाराचा काही वाटा पुढच्या चाकांवर जातो आणि स्टिअरिंग जमिनीला धरून राहतं. एक्सलच्या मागं गेली, तर सगळा भार शेपटीवर पडतो आणि तोंड हलकं होतं. हे मला भाईंनीच शिकवलं होतं. जमिनीवर काडीनं ट्रक काढून, मध्यावर खडा ठेवून.

मी ताटली वीतभर पुढंच बसवली होती. आठ बोल्ट, खाली दोन आडवे चॅनेल, कोपऱ्यांना वेल्डिंग. भाईंनी हात फिरवून बघितलं आणि बरं झालंय म्हणाले. ते असं फार कमी वेळा म्हणत.

खरं तर होडी महिनाभर आधीच, पौषी पौर्णिमेला जायची होती. तेव्हा भाईंनीच ती थांबवली. खाडीच्या अलीकडं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा बांध आहे. दोन पुरुष उंच, वरून रस्ता. तो चढून पलीकडं उतरल्याशिवाय पाण्याला पोचता येत नाही. त्या वर्षी अवेळी पाऊस पडून बांध ओला होता. भाई म्हणाले, महिना थांबा. काकी थांबल्या, पण गावात बोलणं झालं. भाईंचं वय झालं, हात कापतात आता, गोदीतला सपाट रस्ता वेगळा नि हे वेगळं, असं कुणीकुणी म्हणालं. त्यांच्या कानावरही गेलं असणार. लहान गाव.

माघी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आम्ही होडी जॅकवर उचलून ट्रेलरवर घेतली. दुपारभर ते काम चाललं. ट्रक खुंट्याला लावून मी टेपनं मोजलं. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, ट्रेलरच्याही पुढं आली होती. बागेतून बाहेर पडताना एक काटकोनी वळण होतं. तिथं ट्रक वळला की नाळ केबिनच्या पाठीला चार बोटं घासणार होती.

होडी ट्रेलरवर मागं सरकवणं हा सरळ उपाय होता. त्यासाठी ती पुन्हा जॅकवर घ्यावी लागली असती. दोन दिवस गेले असते, भरती गेली असती, आणखी महिना गेला असता. भाई तेव्हा घरी गेले होते. काकींना मी अडचण सांगितली. त्यांना त्यातलं काय कळणार? त्या एवढंच म्हणाल्या, "सुहास, तू जमव. आता परत थांबायचं झालं तर माझ्या तोंडावर लोक थुंकतील."

मी जमवलं. ट्रक सोडवला, गॅरेजवर नेला, बोल्ट काढले, नवी भोकं पाडली आणि ताटली मागं घेतली. केबिन सुटायला जेवढं लागत होतं तेवढंच. मोजलं तेव्हा मध्य एक्सलच्या वीतभर मागं गेला होता. मनात म्हटलं, चारशे पावलं तर जायचंय, तेही माणूस चालेल त्या वेगानं. बांधाची आठवण आली नाही असं नाही. आली, आणि मी पाना उचलून पुढचा बोल्ट आवळला. जुनी आठ भोकं उघडी दिसत होती. त्यांवर मी ग्रीस थापलं. गंज चढू नये म्हणून, असं स्वतःला सांगितलं. रात्रीच ट्रक बागेत परत नेऊन ट्रेलरला जोडला.

भाईंना सकाळी सांगू असं ठरवलं होतं. सकाळी माणसं जमली, ढोल आला, आणि मी सांगितलं नाही.

निघण्याआधी भाईंनी एक गोष्ट केली. काकींची जाऊ, सुना, शेजारणी आरतीची ताटं घेऊन बांधाच्या चढावर, रस्त्याच्या उजव्या कडेला उभ्या राहिल्या होत्या. भाई चालत तिथवर गेले आणि त्यांना तिथून हलवलं. सगळ्यांना मागं, बागेच्या कुंपणाशी नेऊन उभं केलं. एकीनं विचारलं की होडी पाण्यात जाताना दिसणार कशी. भाई म्हणाले, आवाज ऐका. मला वाटलं, म्हातारा उगाच घाबरतोय. मग ते परत आले, केबिनमध्ये चढले, आणि मला मध्याचं विचारलं.

वळण छान पार पडलं. नाळ केबिनपासून दोन बोटं लांबून गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझी मान ताठ झाली. मी ट्रकच्या डाव्या बाजूनं चालत होतो. सपाटीवर सगळं ठीक होतं. फक्त भाई स्टिअरिंग थोडं थोडं हलवून बघत होते, जसं कुणी कानाशी नेऊन घड्याळ चालतंय का बघतं.

बांधाला ट्रकचं तोंड लागलं. इंजिनाचा आवाज जड झाला. पुढची चाकं चढली, मागची पायथ्याशी आली, आणि मागून सतरा टनांनी त्यांना धरून ठेवलं.

मी पुढच्या चाकाकडं बघत होतो. चाकाखाली उजेड दिसला.

आधी बोटभर. मला वाटलं, खड्डा असेल. मग हातभर. मग ते चाक माझ्या गुडघ्याच्या वर होतं, स्वतःभोवती सावकाश फिरत होतं, आणि त्याला चिकटलेली ओली माती गोळ्यागोळ्यांनी खाली पडत होती. ट्रकच्या पोटाखालून मला पलीकडचे माड दिसले. ढोल वाजतच होता. कुणाला काही कळलं नव्हतं, कारण आवाज झाला नव्हता. ट्रक मागच्या पायांवर उठला होता, आणि आत बसलेल्या माणसाच्या हातातलं स्टिअरिंग हवेतल्या चाकांना वळवत होतं.

मी ओरडलो नाही. मला ओरडता आलं नाही असं म्हणायला हवं. तोंड उघडं होतं, एवढं आठवतं.

ट्रकची शेपूट डावीकडं घसरली आणि तोंड उजवीकडं खाली आलं. बांधाच्या कडेवर आदळलं, तिथून उतारावरून जांभ्याचे दगड रचून केलेल्या कुंपणावर, गडग्यावर, गेलं. केबिनची उजवी बाजू गडग्यात शिरली. जिथं त्या बायका उभ्या होत्या, बरोबर तिथं. ट्रेलर तिरका होऊन बांधाला टेकला आणि होडी करकरत थांबली. मग ढोल बंद पडला.

केबिन फोडायला मीच गॅस कटर आणला. गॅरेजवर जाऊन परत येईपर्यंत पाऊण तास गेला. तो रस्ता मी कसा गेलो ते मला अजिबात आठवत नाही. पत्रा कापला तेव्हा भाई शुद्धीत होते. उजवा पाय इंजिनाच्या झाकणात आणि दगडात सापडला होता. ज्वाळा पायाजवळ आली की ते मला बोटानं खूण करून जरा वर, जरा बाजूला, असं सांगत होते. आवाज शांत. मी ते सांगतील तसं कापत गेलो. काकी बाजूला उभ्या राहून भाईंच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत होत्या. नारळ त्यांच्या काखेत तसाच होता.

रत्नागिरीला नेल्यावर घोट्याच्या वरून पाय काढावा लागला.

चौथ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला आले. मी खाटेशेजारी होतो. हवालदारांनी विचारलं की हा सांधा एक्सलच्या मागं कुणी बसवायला सांगितला. मी तोंड उघडणार, एवढ्यात भाई म्हणाले, "मी. मीच सांगितलं."

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. त्यांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि भाईंनी डाव्या कोपरावर रेलून सही केली. म्हणजे गुन्हा भाईंवर दाखल होणार होता. मी तिथंच, दोन हातांवर उभा होतो. मला वाटलं, हा माणूस मला वाचवतोय. आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. तीन दिवस मला बरं वाटत होतं.

होडी गावानं उतरवली. बातमी ऐकून मुंबईहून पोरं आली, आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं आली, आणि पुढच्या अमावास्येच्या भरतीला ओंडक्यांवरून, जुन्या रीतीनं, दीड दिवसात ती पाण्यात गेली. मला कुणी बोलावलं नाही, कुणी येऊ नको असंही म्हटलं नाही. मी गॅरेजमध्ये बसून राहिलो.

भाई घरी आल्यावर मी भेटायला गेलो. ते पडवीत आरामखुर्चीत बसले होते. पायावर चादर होती आणि चादर जिथं सपाट व्हायची तिथं माझे डोळे सारखे जात होते. त्यांच्या बायकोनं चहा ठेवला आणि ती आत गेली. मी थोडं इकडचं तिकडचं बोललो. मग म्हणालो, "भाई, तुम्ही माझ्यावरचं ओढून घेतलंत."

"तुझं कशाला ओढून घेईन?" ते म्हणाले. "मला माहीत होतं."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी सावकाश सांगितलं. त्या दिवशी सकाळची नमाज झाल्यावर ते एकटेच बागेत गेले होते. गाडी काढायच्या आधी तिच्याखाली शिरून बघायची त्यांची बावीस वर्षांची सवय. हात फिरवताना बोट ग्रीसमध्ये गेलं आणि ग्रीसखालच्या भोकात. मग त्यांनी आठही भोकं मोजली आणि ताटली कुठून कुठं गेली ते वितीनं मोजलं.

"मग चढलात कशाला?" माझा आवाज चढला होता. "माहीत होतं तर चढलात कशाला?"

त्यांनी आपला कप बाजूला सारला.

"एकदा नाही म्हणून झालं होतं माझं," ते म्हणाले. "एक महिना काय काय ऐकलं ते मलाच माहीत. परत एकट्यानं नाही म्हणायला तोंड झालं नाही. शंभर माणसं, ढोल, ती बाई नारळ घेऊन उभी. म्हटलं, नागवेकरला विचारावं. सगळ्यांच्या समोर, मोठ्यानं विचारावं. तो मागं आहे म्हणाला की आपण दोघं झालो. मग उतरता येतं." चादरीवर हात ठेवून ते म्हणाले, "म्हणून तर पाय पायरीवर ठेवला होता."

मी कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही आणि चहा माझ्या पायावर सांडला. भाजलं, पण ते दुसऱ्या कुणाला तरी भाजतंय असं वाटलं. मध्य कुठं आलाय, हा प्रश्न मी त्या दिवसापासून मनात शंभरदा ऐकला होता. प्रत्येक वेळी मला वाटलं होतं की बिचाऱ्याला माहीत नव्हतं म्हणून त्यानं विचारलं, आणि मी फसवलं. तो माणूस मला काही विचारतच नव्हता. तो हात पुढं करत होता. दोनदा केला. नक्की, असं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही केला.

"मी ठाण्यात जाऊन सांगतो," मी म्हणालो.

"सांग."

"तुमचा जबाब मग खोटा ठरेल."

"तुझं तू सांग," भाई म्हणाले. "माझं मी सांगितलंय. बघून जो गाडीवर चढतो त्याचीच गाडी."

मी तिथूनच ठाण्यात गेलो. हवालदारांना माझा राग आला. कागद पुढं गेले होते, आता सगळं परत लिहावं लागणार होतं. त्यांनी मला समजावून बघितलं की जखमी माणूस स्वतःच कबूल आहे, तर तुम्ही कशाला मध्ये येता. मी भोकांचं सांगितलं, ग्रीसचं सांगितलं, आणि सगळ्यांसमोर काय बोललो तेही सांगितलं. काकींच्या घरीही गेलो. काकींनी ऐकून घेतलं आणि मुलाला दार लावून घ्यायला सांगितलं. त्या घरात मी नंतर कधी गेलो नाही.

निष्काळजीपणानं गंभीर दुखापत केल्याचा खटला माझ्यावर चालला. तीन वर्षं तारखा पडल्या. वर्षभर गॅरेजला काम नव्हतं, मग हळूहळू परत येऊ लागलं. माणसं विसरत नाहीत, पण त्यांचे फाळके मोडतातच. भाई साक्षीला आले, कुबडी घेऊन. वकिलानं विचारलं की आरोपीनं तुम्हाला खोटं सांगितलं का. ते हो म्हणाले. त्यावर तुम्ही विश्वास ठेवलात का, असं विचारलं. ते म्हणाले, "नाही." न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली.

ठाण्यात सांगितलेलं मी त्याच दिवशी कोर्टापुढंही कबूल केलं. कोर्ट उठेपर्यंत कैद आणि दंड, अशी शिक्षा झाली. अशी शिक्षा असते हे मला त्या दिवशी कळलं. कोर्टाच्या खोलीत मागच्या बाकावर बसायचं आणि त्या दिवसाचं काम संपून न्यायाधीश उठले की सुटायचं. माझ्यासमोर एक गाईचा खटला चालला, दोन भावांच्या वाटणीचा चालला. पंखा फिरत होता. जेवणाच्या सुट्टीतही शिपायानं मला तिथंच बसायला सांगितलं. पाच वाजून दहा मिनिटांनी न्यायाधीश उठले, आणि माझी शिक्षा संपली.

बाहेर ओट्यावर भाई बसले होते. साक्ष सकाळीच झाली होती, तरी ते गेले नव्हते. का, ते मी विचारलं नाही.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं, भाई."

"तुझं झालं," ते म्हणाले.

आवाजात राग नव्हता. मला वाटतं, त्यात काहीच नव्हतं, ते फक्त जे होतं ते सांगत होते. मी हात पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. कुबडी काखेत धरून, भिंतीला टेकून ते स्वतः उठले आणि एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागले. मी त्यांच्या मागून, त्यांच्या चालीनं चालत राहिलो. स्टँड पाच मिनिटांवर आहे. आम्हाला पाऊण तास लागला.